दर्ग्याला वाहिलेले बूट

माझ्या लेकीचं तोंड आधी कुणी बघितलंच नाही. आधी पाय बघितले. बाळंतपणाला मी माहेरी, नांदेडला होते. सासरहून बायका जीप करून बाळ बघायला आल्या आणि आल्या आल्या दुपटं उघडलं ते पायाकडून. बातमी त्यांच्या आधीच गावात पोचली होती. दोन्ही पावलं आत मुडपलेली, तळवे एकमेकांकडं वळलेले, टाचा वर ओढलेल्या. उजवं पाऊल जास्तच. एकजण म्हणाली, "अगं बाई, उलटेच लावलेत की!" मग सगळ्या हळहळल्या आणि हळहळून झाल्यावर चहा प्यायल्या. लेकीचं नाक, डोळे, जावळ, कशावरही कुणी एक शब्द बोललं नाही. त्यातल्या एकीशीही मी त्यानंतर धड बोललेली नाही आणि बोलणारही नाही.

सासूबाई त्यांच्यातच होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, वळलेल्या पावलावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "गिराणात पाय मुडपून बसली व्हतीस का?"

मला दिवस होते तेव्हा एक ग्रहण लागलं होतं. पोटुशी बाईनं ग्रहणात काही चिरायचं नाही, दुमडायचं नाही, मांडी घालायची नाही, नाहीतर पोटातल्या लेकराला तसंच व्यंग येतं असं सगळे मानतात. मला खाटेवर सरळ निजवून ठेवलं होतं. पाण्याचा घोट नाही, लघवीला जायची परवानगी नाही. आणि दारात उंबऱ्यावर बसून माझ्यावर नजर ठेवणारी बाई कोण होती? याच आत्याबाई. पहारा त्यांचा आणि आळ माझ्यावर. मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला डुलकी लागली आसंल." म्हणजे त्यांची डुलकीसुद्धा माझ्या खात्यावर.

माझं सासर जळकोट तालुक्यात. घरची शेती, सोयाबीन, तूर, विहिरीच्या कडेला थोडा ऊस. घरचा बाजारहाट, कोर्टकचेरी सगळं लातूरला, म्हणून पोरीच्या पायाचा दवाखानाही लातूरचाच ठरला. तिथं दर आठवड्याला अशा पायांना प्लास्टर घालायचे. डॉक्टर पाऊल हातात घेऊन जरासं बाहेर वळवायचे, तेवढ्यावर प्लास्टर. पुढच्या आठवड्याला ते काढून अजून जरासं. मांडीपर्यंत पांढरे दगड बांधलेली लेकरं घेऊन आम्ही सगळ्या आया व्हरांड्यात ओळीनं बसायचो. लंगोट ओले, प्लास्टरला वास, उन्हाळ्याचा तो उकाडा. दर दोन मिनिटांनी कुणाचं तरी लेकरू किंचाळायचं.

नवऱ्याला शेतातून सवड नसायची. म्हणजे तो तसं म्हणायचा. त्यामुळं उदगीरला एसटी बदलून लातूरला जायचं ते मी आणि आत्याबाई. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी कामं वाटून दिली. मला म्हणाले, "आई, तुम्ही गुडघा धरा. घट्ट धरायचा. कितीही रडली तरी सोडायचा नाही." आणि आत्याबाईंना म्हणाले, "आजी, तुम्ही तोंडापाशी बसा. साखरेचं पाणी बोटानं चाटवत राहा." ती वाटणी पुढं कुणी बदलली नाही. दर आठवड्याला माझे हात तिच्या गुडघ्यावर आणि आत्याबाईंचं बोट तिच्या तोंडात. ती माणसं ओळखायला लागली त्या दिवसांत दुखण्याच्या टोकाला मी होते आणि साखरेच्या टोकाला त्या. हे मला तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी काय केलं असतं? आत्याबाईंच्या हाताला जोर नव्हता.

प्लास्टरांनी पाय वळले. हे मान्य करायला हवं. महिन्या दोन महिन्यांत पावलं समोर आली. टाचेच्या वरची शीर तेवढी आखडलेली होती, ती डॉक्टरांनी बारीकसा छेद देऊन मोकळी केली, शेवटचं प्लास्टर घातलं आणि ते निघाल्यावर आम्हाला बूट दिले. दोन छोटे कातडी बूट आणि मध्ये त्यांना जोडणारी लोखंडी पट्टी. पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली राहावीत म्हणून. आधी काही महिने दिवसरात्र, मग रोज रात्री झोपताना, पोरगी चार वर्षांची होईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, "पाय सरळ करणं माझं काम होतं, ते झालं. सरळ ठेवणं तुमचं काम. बूट सोडले की पाऊल परत फिरणार." ते आत्याबाईंच्या समोर म्हणाले. मराठीत म्हणाले. दोनदा म्हणाले.

आत्याबाईंनी त्या बुटांना पहिल्या दिवसापासून बेडी म्हटलं. "लेकराला बेडी ठोकली." "चोर हाय का ती?" शेजारच्या बायका यायच्या, तोंडाला पदर लावून बघायच्या. पोरगी पहिले काही दिवस रडली आणि मग तिला सवय झाली. दोन्ही पाय एकदम उचलून धाडकन खाटेवर आपटायची आणि हसायची. दिवसरात्रीचे महिने सरल्यावर रोज रात्री बूट घालणारी मी, सकाळी काढणाऱ्या आत्याबाई. मी उठून चूल पेटवेपर्यंत त्यांनी काढलेले असायचे. पोरगी सकाळी डोळे उघडायची तेव्हा तिच्या पायातली बेडी काढणारं तोंड समोर दिसायचं, ते आजीचं.

वर्षाची झाली आणि ती उभी राहिली. भिंतीला धरून, दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. मी रडले. नवरासुद्धा रडला. आत्याबाई रडल्या नाहीत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "बाबानं ऐकलं. आता कंदुरी करावी लागंल."

गावाबाहेर टेकाडावर एका पीरबाबाचा दर्गा आहे. गावातले सगळेच तिथं नवस बोलतात, मराठे, मुसलमान, लिंगायत, सगळे. नवस पुरा झाला की तिथं बकरं कापून गावाला जेवू घालायचं, ती कंदुरी. आत्याबाईंनी पोरीच्या पायासाठी नवस बोलला होता हे मला तेव्हाच कळलं. माझी काही तक्रार नव्हती. खाऊ दे गावाला मटण, म्हटलं. मी स्वतः पहाटेपासून दगडाच्या चुलीपुढं बसून भाकरी थापल्या. माझ्या लेकीच्या पायांवर सगळं गाव जेवलं. ज्या बायकांनी दुपटं पायाकडून उघडलं होतं त्या पहिल्या पंगतीला बसल्या आणि रस्सा मागून मागून घेतला.

जेवणं उरकली तसं आत्याबाईंनी पिशवीतून पोरीचे बूट काढले. पुसून चकचकीत केलेले. दर्गा सांभाळणाऱ्या मुजावरांकडून त्यांना चंदनाचं संदल लावून घेतलं आणि दर्ग्याच्या मागच्या चिंचेला, जिथं लोकांनी वाहिलेले पाळणे, कुबड्या, चांदीचे पाय लटकलेले असतात, तिथं लोखंडी पट्टीला दोरी बांधून टांगले. नवसच तसा होता. पाय सरळ झाले की पायातली बेडी बाबाला वाहीन.

मी भाकरीच्या पिठाच्या हातानं धावले. ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, चांगलं काही नसणार. नवऱ्यानं माझा दंड धरला आणि कानात म्हणाला, "लोकं बघायलेत. घरी बोलू." घरी तो काय बोलणार होता? आईपुढं मूग गिळून बसण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. स्वभावानं गरीब आहे, सगळे म्हणतात. गरीब स्वभावाच्या पुरुषांचा मला तेव्हापासून तिटकारा आला आहे. त्यांच्या गरिबीची झळ त्यांना कधी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी दर्ग्यावर गेले. मुजावर म्हातारे, झाडलोट करत होते. मी झाडाकडं बोट दाखवलं तर त्यांनीच काठीनं बूट खाली काढून दिले. "ने बाई. लेकराचं हाय, लेकराच्या पायात घाल. बाबा काय नाराज व्हत न्हाई." मी बूट पदराखाली घेऊन घरी आले आणि त्या रात्री पोरीला घातले.

आत्याबाईंनी जेवण सोडलं. चूळसुद्धा भरली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. "बाबाच्या अंगावरचं उतरवलं. आता ह्या घराचं काय व्हईल त्ये बगा." बाबा नाराज होत नाही असं मुजावरच म्हणाले, हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मुजावराला काय कळतं?" दोन दिवसांनी मी शेतातून घरी परतले तर बूट जागेवर नव्हते. नवरा मोटारसायकलवरून जाऊन परत झाडाला टांगून आला होता. वर मला म्हणाला, "लातूरहून नवे आणू की. त्यात काय?" त्याला वाटलं, मोठी तोड काढली.

पण नवे बूट आणायचे तरी घालायचे कसे? आत्याबाईंचा हिशोब पक्का होता आणि गावातल्या सगळ्यांना तो पटत होता. पाय बरे झाले म्हणून कंदुरी केली. गाव जेवलं. आता परत बूट घातले म्हणजे पाय बरे झालेच नाहीत असं म्हणणं. म्हणजे बाबानं दिलेलं नको म्हणणं. म्हणजे गावानं फुकटचं खाल्लं असं म्हणणं. "बाबा द्यायलाय आन तू नको म्हणायलीस?" त्या मला विचारायच्या. यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते डॉक्टरांचं होतं. डॉक्टर लातूरला आणि बाबा टेकाडावर.

तरी मी नवे आणले. एकटीनं जाऊन आणले. रात्री घातले की पोरगी रडायची, कारण मधल्या दिवसांत सवय मोडली होती. ती रडली की आत्याबाई उठायच्या, बूट काढायच्या आणि तिला आपल्या वाकळेत घ्यायच्या. मी परत घालायची. त्या परत काढायच्या. एका माणसाच्या दोन पायांवर रात्रभर दोन बायकांची ओढाताण. मग एके दिवशी ते बूटही दिसेनासे झाले. कुठं गेले ते आजवर मला कुणी सांगितलेलं नाही. नवऱ्याला माहीत आहे. तो ताकास तूर लागू देत नाही.

पाऊल फिरलं. डावं बऱ्यापैकी टिकलं, उजवं फिरलं. आधी टाच जरा वर. मग पाऊल आत. तीन वर्षांची झाली तेव्हा ती उजव्या पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालत होती आणि तिथं जाड घट्टा पडला होता. चप्पल एकाच बाजूनं झिजायची. पळताना पडायची. पोरं मागून तसंच चालून दाखवायची आणि त्यांच्या आया हसून म्हणायच्या, "आरं, आसं करू ने." हसून.

आणि गावानं कारण शोधलं. कारण मी होते. मी झाडावरचे बूट उतरवले, बाबा रुसला, म्हणून पाय परत फिरला. आधी ग्रहण, आता हे. पोरीच्या एका पायासाठी माझ्यावर दोन गुन्हे लावून झाले आणि दोन्हींत साक्षीदार आत्याबाई. अंगाचा तिळपापड व्हायचा. मी भांडी आपटायची, बोलायची, तोडून बोलायची. गावात मला तोंडाळ म्हणतात ते त्या वर्षापासून.

लातूरला नेलं तर डॉक्टरांनी पाऊल हातात घेतलं आणि खोलीतल्या सगळ्यांसमोर मला झापलं. "बूट घातले नाहीत ना? एवढं सांगून? तुम्हाला लेकराची काळजी नाही, मग आमच्याकडं कशाला येता?" मी काय सांगणार होते? की बूट चिंचेला टांगले आहेत? त्या माणसानं पाय चांगले केले होते, हे खरं. पण ते वाक्य मी त्याला माफ केलेलं नाही. काळजी माझ्या डोळ्यांत दिसत नसेल तर त्यांनी चष्मा बदलावा. मग म्हणाले की आता नुसत्या प्लास्टरनं भागणार नाही. ऑपरेशन करावं लागेल. आतल्या बाजूच्या आणि टाचेमागच्या आखडलेल्या शिरा सोडवायच्या, एक शीर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी जोडायची, हाडं जागेवर बसवून तार घालायची. आणि जितका उशीर तितकी हाडं घट्ट होत जाणार. मग टाच आयुष्यात जमिनीला टेकणार नाही.

मला तेवढंच ऐकू आलं. टाच टेकणार नाही.

घरी सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "माज्या नातीला कापू द्यायची न्हाई." नवरा म्हणाला, "सोयाबीन निघू दे, मग बघू." सोयाबीन निघालं. मग म्हणाला, "तुरीचं बघू." त्याच्या शेतात वर्षभर काही ना काही निघतच असतं. तेव्हा एके सकाळी मी पोरीचे दोन फ्रॉक आणि माझ्या साड्या पिशवीत भरल्या. नांदेडला माझी आई होती, तिथं ऑपरेशन करणारे डॉक्टर होते. पोरगी आत्याबाईंच्या गळ्यात पडली होती आणि हात सोडत नव्हती. मी एक एक बोट सोडवलं. ती मला लाथा मारत होती, चांगल्या पायानं आणि वाकड्याही. आत्याबाई ओरडल्या, "कसाई हायस का गं तू?" मी पोरीला कडेवर घेऊन बाहेर पडले. जळकोटला नांदेडची एसटी लागलेली होती, त्यात बसले. कंधार येईपर्यंत पोरगी रडत होती. नंतर झोपली.

माझ्या आईनं दारातच विचारलं, "जावयाला विचारून आलीस का?" म्हणजे इथंही तेच. मी म्हटलं, "नाही. आत येऊ का परत जाऊ?" तिनं पिशवी हातातून घेतली आणि पाणी दिलं. पण रात्री जेवताना म्हणालीच, "सासरच्यांना दुखवून काय मिळतं?" मी घास खाली ठेवला. मला त्या घटकेला जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा राग आला होता, आपल्या परक्या सगळ्यांचा.

ऑपरेशनच्या आधी काही आठवडे परत प्लास्टर. इथंही मीच गुडघा धरला. आता ती बोलत होती, आणि बोलता येणाऱ्या लेकराचा गुडघा धरणं वेगळं असतं. "आई सोड. आई दुखायलंय. आई, तू वाईट हायस." मी सोडला नाही. प्लास्टर घालणारा माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, तुमचं काळीज घट्ट आहे." त्याला कौतुक करायचं होतं. मला त्याचं डोकं फोडावंसं वाटलं.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा आला. कुणी बोलावलं होतं? माझ्या आईनं. भिंतीला टेकून उभा राहिला, हातात पाण्याची बाटली. पोरगी सकाळपासून उपाशी, पाणी मागायची आणि मी नाही म्हणायची. तिला आत नेताना तिनं माझी साडी धरली. नर्सनं सोडवली. दार बंद झालं आणि नवरा म्हणाला, "व्हईल समदं नीट." मी म्हटलं, "तू बोलू नकोस." मी त्याला लग्नापासून अहोजाहो करत आले होते. त्या दिवशी तू म्हटलं. पुढं मी परत अहो म्हटलेलं नाही.

वेळ गेला, बराच गेला. सर्जन बाहेर आले, मास्क गळ्यात. म्हणाले, टाच खाली आली आहे, पाऊल सरळ बसलं आहे, तार घातली आहे. पण पुढं प्लास्टर, मग तार काढायची, मग रात्रीचा पट्टा बांधायचा, आणि या वेळी एक रात्रही चुकवायची नाही. "या वेळी" हा शब्द त्यांनी माझ्याकडं बघून उच्चारला. मी नवऱ्याकडं बोट दाखवलं. "त्यांना सांगा." सर्जननी त्याला परत सगळं सांगितलं आणि तो मान हलवत राहिला.

भूल उतरायला लागली. मी तिच्या उशाशी होते. तिचे ओठ कोरडे पडलेले, पाय पांढऱ्या प्लास्टरमध्ये, फक्त बोटं बाहेर. बोटं गुलाबी आहेत का ते बघत राहायला सांगितलं होतं, ते मी बघत होते. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि तोंड फिरवलं. म्हणाली, "आजी." मी म्हटलं, "मी आहे ना बाळा." तिनं हात झटकला. सलाईनची नळी हलली. "तू न्हाई. तू न्हाई. आजी पायजे." मग ती जे रडायला लागली, ते थांबेचना. नर्स म्हणाली, इतकं रडणं चांगलं नाही, ज्याला मागतेय त्याला बोलवा.

मी फोन केला. माझ्या हातानं केला. एवढंच म्हटलं, "आत्याबाई, या. ती तुम्हाला मागतेय."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या आल्या. वॉर्डात शिरल्या, पोरगी खुदकन हसली, तोंडाला त्यांचा पदर लावला आणि झोपून गेली. कालपासून मी जे करत होते, ते त्यांनी नुसतं येऊन केलं. मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं आपटला. "प्लास्टरला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "पट्टा बांधायला लागले की पट्ट्याला हात लावायचा नाही. लावलात तर ती परत तुमच्या दृष्टीला पडणार नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पोरीच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू तिला सदा धरलंस. म्या निस्तं सोडवलं."

"तुम्ही सोडवलंत म्हणून तिला कापावं लागलं!" सगळा वॉर्ड ऐकत होता. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. आत्याबाईंनी फक्त ओठावर बोट ठेवलं आणि झोपलेल्या पोरीकडं दाखवलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभी राहिले आणि हमसून हमसून रडले. रागानं रडले. मला वाटतं त्यात दुसरं काही नव्हतं.

पुढचे महिने माझ्या आईच्या घरात, दोन खोल्यांत, आम्ही सगळ्या राहिलो. आत्याबाईंशिवाय पोरगी घास गिळत नव्हती. माझी आई त्यांना शेंगदाण्याचे लाडू करून घालायची, दोघी दुपारी बसून आमच्या पिढीला नावं ठेवायच्या. मला ते बघवत नव्हतं. पण आत्याबाईंनी प्लास्टरला हात लावला नाही. तार निघाली, प्लास्टर निघालं, आतून निघाला तो पाय बारीक, फिकट, सालं सुटलेला, आणि त्यावर लांब वण. मी रोज पावलाचा व्यायाम करून घ्यायची आणि ती मला चावायची. माझ्या मनगटावर तिच्या दातांची खूण अजून आहे. रोज रात्री पट्टा मीच बांधायची. बांधून झाला की ती पट्ट्यासकट सरपटत आजीच्या अंथरुणात जायची. आत्याबाई पट्ट्याकडं बघायच्या नाहीत. नुसत्या डोळे मिटून घ्यायच्या.

चालायला मात्र ती तयार होईना. पाय खाली टेकवला की दुखेल असं तिच्या मनानं घेतलं होतं. मग सोयाबीनच्या पेरणीला आत्याबाई गावी गेल्या. मला बरं वाटलं. वाटलं, आता आम्ही दोघीच, आता ती माझ्याकडं चालत येईल. रोज संध्याकाळी मी तिला दारात भिंतीशी उभी करायची आणि गल्लीत चार पावलांवर उकिडवी बसायची. हात पुढं करायची. "ये. माझ्याकडं ये." ती मान हलवायची. बिस्कीट दाखवलं, बाहुली दाखवली. ती भिंत सोडत नव्हती. कधी कधी मला तिचाही राग यायचा, खरं सांगते. एवढीशी पोर आणि एवढा हट्ट. माझ्यावरच गेली आहे, आई म्हणायची.

एका संध्याकाळी मी अशीच बसले होते. तिनं भिंत सोडली.

माझी नजर जमिनीवरच होती म्हणून मला तिचं तोंड दिसत नव्हतं, पाय तेवढे दिसत होते. उजवं पाऊल पुढं आलं. आधी टाच. मग तळवा. मग बोटं. परत उजवं, परत आधी टाच. पाऊल सरळ समोर. मी टाचच बघत राहिले. हात पुढं केलेलेच होते. ती एक पाऊल, दोन पावलं, मग पळायलाच लागली. मी हात अजून पसरले. ती माझ्या खांद्याला घासून पुढं निघून गेली.

मागून रिक्षाचा आवाज आला होता, तो मी ऐकलाच नव्हता. "आजी आली! आजी!" ती ओरडत होती. आत्याबाईंचं "आलं गं माजं बाळ" ऐकू आलं. मी तशीच बसून राहिले, हात पुढं केलेले. मागं बघायची माझी इच्छा नव्हती. पण पळताना टाच टेकते का, हे तर बघायलाच हवं होतं. ते बघणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं.

मी वळून बघितलं. टेकत होती.